सिस्टर कॅरेन, सेल्फ हेल्प ग्राफिक्स आणि चिकानो कला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या चिकानो कलेबद्दल बोलायला लागलं की चित्रकारांची नावं निघतात, भित्तिचित्रांचे फोटो निघतात. ज्यांनी या चित्रकारांना जागा, शाई, कागद आणि पगारी छपाईगार पुरवले, त्यांचं नाव सहसा निघत नाही. म्हणून इथे प्रश्नांची सुरुवात एका ननपासून केली आहे.

सिस्टर कॅरेन बोकालेरो कोण होत्या?

फ्रान्सिस्कन पंथाच्या जोगीण, शिक्षणाने मुद्राचित्रकार (छापून चित्रं काढणाऱ्या), आणि ईस्ट लॉस एंजेलिसमधल्या ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स अँड आर्ट’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. जन्म १९३३ साली अ‍ॅरिझोनातल्या ग्लोब या खाणगावात, नाव कार्मेन रोझ. १९७० पासून १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ २७ वर्षं, त्यांनी हे एकच काम केलं.

नन म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते इथे बाजूला ठेवा. त्या झगा घालत नसत, साध्या कपड्यांत वावरत. सिगारेट सुटत नसे आणि तोंडही चांगलंच फटकळ होतं. त्यांच्याबरोबर काम केलेले चित्रकार हे आजही कौतुकाने सांगतात.

चिकानो म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत राहणारे मेक्सिकन वंशाचे लोक. पण सगळे नव्हेत. ज्यांनी साठच्या दशकात आपली ओळख राजकीय अर्थाने घेतली, त्यांनी हे नाव अभिमानाने लावलं. त्याआधी ते हिणवण्यासाठी वापरलं जाई.

१८४८ च्या तहात मेक्सिकोने आपला जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेला गमावला. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना हे सगळं त्यातलंच. तिथले लोक जागचे हलले नाहीत, सीमाच त्यांच्यावरून सरकली. पुढे शेतमजूर म्हणून, रेल्वे आणि कारखान्यांतले कामगार म्हणून आणखी लाखो आले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला, सेसार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता या शेतमजूर नेत्यांची नावं देशभर पोचली. मार्च १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांतली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. त्या दिवशी रूबेन सालाझार हे पत्रकार एका बारमध्ये बसलेले असताना पोलिसाने झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं लागून ठार झाले. सेल्फ हेल्प सुरू झालं ते याच वर्षी, याच वस्तीत.

त्या तर इटालियन वंशाच्या. मग मेक्सिकन वस्तीतल्या कलेशी त्यांचा संबंध काय?

हा प्रश्न त्यांच्या हयातीतही विचारला गेला आणि तो रास्तच होता. चळवळ ‘आमचं आम्ही बघू’ म्हणत असताना गोरी नन संस्था चालवते, हे काहींना खटकणारच.

उत्तराचा एक भाग भूगोलाचा आहे. त्या लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातच वाढल्या. तिथलं बॉइल हाइट्स एकेकाळी ज्यू, जपानी, इटालियन, रशियन आणि मेक्सिकन अशा सगळ्यांचं होतं. शहराच्या इतर भागांत ज्यांना घर मिळत नसे ते इथे येत. दुसरा भाग शिक्षणाचा. इमॅक्युलेट हार्ट कॉलेजमध्ये त्या सिस्टर कोरिटा केंट यांच्या हाताखाली शिकल्या. कोरिटा म्हणजे जाहिरातींतले शब्द, ब्रेडच्या वेष्टनावरचे रंग आणि बायबलमधली वचनं एकत्र करून स्क्रीन प्रिंट काढणारी अफलातून बाई. चित्र स्वस्त असावं, पुष्कळांच्या घरात जावं, आणि त्याने काहीतरी म्हणावं, हा विचार तिथून आला. पुढे फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाच्या टायलर कलाशाळेतून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली.

पण खरं उत्तर त्यांच्या वागण्यात आहे. त्यांनी कुणाला ‘चिकानो कला अशी असते’ असं शिकवलं नाही. काय काढायचं हे चित्रकाराने ठरवायचं, कुठे आणि कशावर काढायचं याची सोय त्यांनी करायची. ही सीमारेषा त्यांनी कायमच अगदी सरळ पाळली असं म्हणता येणार नाही. निवड त्यांच्या हातात होती आणि त्यांची मतं तिखट होती. तरीही चित्रकार परत परत आले.

संस्था सुरू कशी झाली?

एका गॅरेजमध्ये. सिस्टर कॅरेन, मेक्सिकोहून आलेले कार्लोस ब्वेनो आणि अंतोनियो इबान्येस हे दोन चित्रकार, आणि वस्तीतले आणखी काही जण तिथे छपाई करत. १९७१ मध्ये ‘एल मेर्कादो’ या बाजाराच्या इमारतीत पहिलं प्रदर्शन भरलं. प्रदर्शन बाजारात भरवलं, कारण लोक तिथेच होते. त्यानंतर त्यांच्या धर्मसंघाच्या मदतीने बॉइल हाइट्समध्ये भाड्याची जागा मिळाली आणि १९७३ मध्ये रीतसर ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली.

शहरातल्या मोठ्या संग्रहालयात या चित्रकारांना जागा नव्हती का?

नव्हती. ‘आस्को’ नावाच्या गटाची गोष्ट यासाठी पुन्हा पुन्हा सांगितली जाते. हॅरी गॅम्बोआ, ग्रॉन्क, विली हेरॉन आणि पॅट्सी वाल्डेझ हे ईस्ट लॉस एंजेलिसचे चार तरुण. ‘आस्को’ म्हणजे किळस. त्यांची कामं पाहून लोक हाच शब्द वापरत, तो त्यांनी नाव म्हणून उचलला. संग्रहालयातल्या एका अधिकाऱ्याने चिकानो लोक ललित कला करत नाहीत, टोळ्यांत असतात, अशा अर्थाचं काहीतरी गॅम्बोआंना सुनावलं. १९७२ मधल्या एका रात्री तिघा मुलांनी लॉस एंजेलिस काउंटी कला संग्रहालयाच्या प्रवेशाजवळ स्प्रे रंगाने आपली नावं लिहिली आणि सकाळी त्या नावांसह वाल्डेझ यांचा फोटो काढला. पूर्ण संग्रहालयच आता आमची कलाकृती, असा त्याचा अर्थ. प्रशासनाने दिवसाभरात रंग पुसून टाकला.

दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच संग्रहालयात ‘लोस फोर’ या गटाचं प्रदर्शन झालं : कार्लोस अल्माराझ, फ्रँक रोमेरो, गिल्बर्ट लुहान आणि बेतो दे ला रोचा. दार उघडलं खरं, पण किलकिलंच. मधल्या सगळ्या काळात चित्र काढायचं कुठे, शाईचे पैसे कोण देणार, हा रोजचा प्रश्न होता. सेल्फ हेल्प त्या प्रश्नाला उत्तर होतं.

स्क्रीन प्रिंटिंगच का? तैलचित्रं का नाहीत?

आपल्याकडे लग्नपत्रिका आणि बॅनर ज्या पद्धतीने छापले जात, तीच ही पद्धत. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, नको तिथली छिद्रं बुजवायची, उरलेल्या भागातून रबरी पट्टीने शाई खाली कागदावर ओढायची. एका रंगाला एक स्क्रीन. यंत्राची गरज नाही, मोठी जागा नको, वीज गेली तरी काम अडत नाही.

चळवळीला पोस्टर लागतात आणि ती रातोरात लागतात. शेतमजूर संघटनेचं काळ्या गरुडाचं चिन्ह, सॅक्रामेंटोच्या ‘रॉयल चिकानो एअर फोर्स’ या विनोदी नावाच्या चित्रकार गटाची पोस्टर्स, सॅन फ्रान्सिस्कोमधल्या मिशन भागातली छपाई, सगळं याच तंत्रावर उभं राहिलं. शिवाय एका तैलचित्राचा एकच मालक असतो. प्रिंटच्या पन्नास-साठ प्रती निघाल्या की एक शिक्षिकेच्या घरी, एक वकिलाच्या कचेरीत, एक विद्यापीठात आणि एक संग्रहालयात जाते. चिकानो कला संग्रहालयांत पोचली ती बरीचशी अशी, कागदाच्या गुंडाळीतून.

अटेलिए म्हणजे काय, आणि त्यात एवढं विशेष काय होतं?

अटेलिए हा फ्रेंच शब्द, अर्थ कलाकाराची कार्यशाळा. सेल्फ हेल्पच्या कामाचा गाभा हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

१९८२ मध्ये ग्रॉन्कला छपाईगाराबरोबर काही प्रिंट काढायची संधी दिली गेली. ती विकली गेली, लोकांना आवडली, आणि १९८३ पासून ‘एक्सपरिमेंटल स्क्रीनप्रिंट अटेलिए’ नियमित सुरू झाली. पद्धत साधी. काही चित्रकारांना एकत्र बोलवायचं. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात स्क्रीन प्रिंट केलेली नसे. कुणी भित्तिचित्रकार, कुणी छायाचित्रकार, कुणी नुसती रेखाटनं करणारा. आधी सगळ्यांनी बसून एकमेकांच्या कल्पनांवर बोलायचं. मग प्रत्येकाने काही दिवस मुख्य छपाईगाराबरोबर काम करायचं. चित्रकार प्रत्येक रंगासाठी वेगळी पारदर्शक फिल्म हाताने रंगवतो, छपाईगार तिच्यावरून स्क्रीन बनवतो, रंग घोटतो, एकावर एक रंग बरोबर जुळवून बसवतो. स्टीफन ग्रेस, ऑस्कर दुआर्दो, होसे अल्पुचे हे इथले छपाईगार. एखाद्या प्रिंटमध्ये दहा-बारा रंग सहज असत, आणि दहावा रंग केसभर सरकला तर आधीचे नऊ वाया. या माणसांचा उल्लेख लेखांत तळटीपेसारखा येतो याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता पैशाचं. कागद, शाई, छपाईगाराचा पगार संस्थेचा. प्रती तयार झाल्या की निम्म्या चित्रकाराच्या, उरलेल्या संस्थेच्या. चित्रकाराने आपल्या प्रती विकाव्यात, वाटाव्यात, गादीखाली ठेवाव्यात. संस्थेने आपल्या विकून पुढच्या अटेलिएचा खर्च काढावा. देणगीदाराने चित्रकाराला पैसे दिले की देवाणघेवाण तिथेच संपते. इथे चित्रकाराच्या हाती सह्या केलेल्या चित्रांचा गठ्ठाच यायचा, म्हणजे भांडवलच. कित्येकांना आयुष्यातली पहिली विक्री करता आली ती याच गठ्ठ्यातून.

पॅट्सी वाल्डेझ, डायन गॅम्बोआ, बार्बरा करॅस्को, लिओ लिमोन, फ्रँक रोमेरो, मार्गारेट गार्सिया, यरेना सेर्व्हांतेझ अशा कितीतरी जणांनी इथे काम केलं. एस्टर हर्नांडेझ यांचं १९८८ मधलं ‘ला ओफ्रेंदा’ इथलंच : पाठमोरी बाई, पाठीवर ग्वादालुपेची देवमाता (मेक्सिकोतल्या कॅथलिकांची मेरीमाता) गोंदलेली, आणि गुलाबाचं फूल पुढे करणारा एका स्त्रीचा हात. ज्या संस्थेच्या प्रमुखपदी कॅथलिक नन होती तिथे हे छापलं गेलं, हे लक्षात घ्या. आजवर इथून हजाराहून अधिक चित्रांच्या आवृत्त्या निघाल्या आहेत.

फिरत्या स्टुडिओबद्दल ऐकलं आहे. ते काय होतं?

‘बॅरिओ मोबाइल आर्ट स्टुडिओ’. १९७५ मध्ये एक मोठी व्हॅन घेतली, तिच्यात छपाईचं, शिल्पाचं, कळसूत्री बाहुल्यांचं, फोटोग्राफीचं सामान भरलं, आणि चित्रकार शाळाशाळांत, रस्त्याच्या कोपऱ्यांवर जाऊ लागले. लिंडा वालेहो यांच्यासारख्या पुढे नावारूपाला आलेल्या चित्रकर्तीने तिथे शिकवलं. मुलांना कला मिळाली आणि शिकवणाऱ्या चित्रकारांना मानधन. आधार देण्याचा हाही एक मार्ग होता, आणि मला तर वाटतं जास्त हुशार.

‘मृतांचा दिवस’ त्यांनीच सुरू केला का? तो म्हणजे आपला पितृपक्ष का?

मूळ सण मेक्सिकोतला, फार जुना. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या नावाने वेदी मांडायची, त्यावर फोटो, मेणबत्त्या, केशरी झेंडू, पाव, मृताच्या आवडीचा पदार्थ, आवडीची दारूसुद्धा. पितृपक्षाशी साम्य आहेच : वर्षातून एकदा पितरांना जेवायला बोलावणं, त्यांच्या आवडीचं रांधणं. पण आपल्याकडे त्या पंधरवड्यात शुभकार्य टाळतात. तिथे बँड, नाच, सजवलेले सांगाडे आणि थट्टा. झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आला आणि दसऱ्याच्या तोरणात असा काही बसला की परका वाटत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये मात्र हा सण घरांतूनही बराच पुसट झाला होता. ब्वेनो आणि इबान्येस यांना तो आठवत होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये सेल्फ हेल्पने तो सार्वजनिकरीत्या साजरा केला, आणि पुढची काही वर्षं एव्हरग्रीन दफनभूमीपासून मिरवणूक निघू लागली : चेहरे सांगाड्यासारखे रंगवलेले, हातात कागदी फुलं, मुलांनी शाळेत बनवलेले मुखवटे. फिरत्या स्टुडिओतून मुलांना मुखवटे करायला शिकवायचे आणि नोव्हेंबरात तीच मुलं मिरवणुकीत यायची. चित्रकारांना दरवर्षी वेदी मांडायचं आणि खास प्रिंट काढायचं निमंत्रण असे. सणाला कलाकृतीचं रूप आलं ते इथे आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘गालेरिया दे ला रासा’ या चिकानो कलादालनात.

आज अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या दुकानात साखरेच्या कवट्या मिळतात. २०१३ मध्ये डिस्नेने या सणाच्या स्पॅनिश नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता! लालो अल्काराझ यांच्यासारख्या व्यंगचित्रकारांनी आणि हजारो लोकांनी असा काही गोंधळ घातला की कंपनीने अर्ज मागे घेतला.

ननच्या इमारतीत पंक संगीताचा क्लब होता हे खरं का?

अगदी खरं. १९८० मध्ये आस्कोचेच विली हेरॉन यांनी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात ‘द व्हेक्स’ सुरू केला. शहराच्या पश्चिम भागातले क्लब ईस्ट लॉस एंजेलिसच्या बँडना उभे करत नव्हते, म्हणून आपलाच क्लब. ‘द ब्रॅट’ आणि हेरॉन यांचा स्वतःचा ‘लोस इलेगाल्स’ हे बँड तिथे वाजले. त्याच वर्षी एका कार्यक्रमात जमाव बेकाबू झाला, मोडतोड झाली, आत ठेवलेल्या कलाकृतींचंही नुकसान झालं आणि क्लब तिथून उठला. पण केस उभे केलेल्या, कानठळ्या बसवणाऱ्या पोरांना ‘हो, घ्या जागा’ म्हणणारी संचालिका त्या काळी शहरात दुसरी नसावी.

त्या स्वतः चित्रकार होत्या. त्यांच्या चित्रांचं काय झालं?

थोडी आहेत, फारशी माहीत नाहीत. अर्ज, अहवाल, देणगीदार, गळकं छत, मोडलेली व्हॅन यांत स्वतःच्या कामाला वेळ कुठला? याला त्याग वगैरे म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. संस्था चालवणं हीच त्यांची निवड होती आणि ती त्यांना आवडत होती असं दिसतं. मात्र चित्रकार असल्याचा फायदा झाला. चित्रकाराला तिसऱ्या दिवशी चित्र पुन्हा पहिल्यापासून करावंसं वाटतं, हे ज्याने कधी केलंच नाही त्या व्यवस्थापकाला कळत नाही.

वर्षाला एक डॉलर भाडं ही दंतकथा आहे का?

नाही. १९७९ च्या सुमाराला संस्था ब्रुकलिन अ‍ॅव्हेन्यूवरच्या (आताचा सेसार चावेझ अ‍ॅव्हेन्यू) एका जुन्या दुमजली इमारतीत गेली. ती चर्चच्या युवक संघटनेची होती, आणि नाममात्र भाडं म्हणजे वर्षाला एक डॉलर. पुढे एदुआर्दो ओरोपेसा यांनी फुटक्या कपबशा, काचा, फरशीचे तुकडे लावून पूर्ण दर्शनी भिंत मोझेकने मढवली. ती इमारत म्हणजे वस्तीची खूणच झाली.

आणि इथेच त्यांच्या कामाची कच्ची बाजू आहे. एक डॉलर भाड्याने २५-३० वर्षं जगणारी संस्था भाड्याची चिंता विसरते. मालकी कधी संस्थेच्या नावावर झाली नाही. सिस्टर कॅरेन असेपर्यंत चर्चशी असलेलं नातं म्हणजे त्याच स्वतः होत्या. त्या गेल्यावर ते नातं कागदावर कुठे नव्हतं. २००५ मध्ये संस्थेला काही काळ दारं बंद करावी लागली. २००८ मध्ये चर्चकडून इमारत एका खाजगी गुंतवणूकदाराला विकली गेली, आणि संस्थेला हे आधी कुणी सांगितलंही नाही. २०११ मध्ये संस्था बॉइल हाइट्समधल्या ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर, एकेकाळी मासळीवर प्रक्रिया होत असे अशा इमारतीत, भाड्याने गेली. २०१८ मध्ये ती विकत घेतली, तेव्हा कुठे जवळपास ४५ वर्षांनी स्वतःचं छप्पर मिळालं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘गालेरिया दे ला रासा’ची गोष्ट वाचली की हे किती थोडक्यात निभावलं ते कळतं. १९७० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेला भाडं वाढल्यामुळे २०१८ मध्येच, म्हणजे त्याच वर्षी, चोविसाव्या रस्त्यावरची अनेक दशकांची जागा सोडावी लागली.

वस्तीतल्या सगळ्यांना ही संस्था आपली वाटते का?

बहुतेकांना. पण बॉइल हाइट्समध्ये २०१६ च्या सुमाराला बाहेरच्या श्रीमंत कलादालनांनी गोदामं भाड्याने घ्यायला सुरुवात केली, घरभाडी चढली, आणि रहिवाशांनी दालनांसमोर निदर्शनं केली. तेव्हा सेल्फ हेल्पलाही जाब विचारला गेला : तुम्ही कुणाच्या बाजूने? तुमच्यामुळे ही वस्ती ‘कलेची’ म्हणून महाग होते त्याचं काय? अनेक चित्रकारांना हे फार लागलं. मला प्रश्न चुकीचा वाटत नाही, पत्ता चुकलेला वाटतो. जी संस्था स्वतःच भाड्याच्या तडाख्यातून वाचली होती, तिच्या दाराशी हा हिशेब मागणं थोडं विचित्रच.

सिस्टर कॅरेनसारखे आणखी कोण होते?

बरेच, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

सॅम कोरोनाडो हे टेक्सासमधले चित्रकार. सेल्फ हेल्पमध्ये त्यांनी अटेलिएची पद्धत पाहिली आणि १९९३ मध्ये ऑस्टिनला तशीच ‘सेरी प्रोजेक्ट’ सुरू केली. २०१३ मध्ये ते वारले. एखाद्या कामाची नक्कल व्हावी आणि ती अशी, याहून मोठी पावती नाही.

गिल्बेर्तो कार्देनास समाजशास्त्राचे प्राध्यापक. चळवळीचे फोटो काढता काढता चित्रं घेऊ लागले. १९८६ मध्ये ऑस्टिनला ‘गालेरिया सिन फ्रोंतेरास’ हे दालन काढलं. त्यांच्या आणि पत्नीच्या संग्रहातल्या पाच हजारांहून अधिक कलाकृती आता टेक्सास विद्यापीठाच्या ब्लँटन संग्रहालयात आहेत. प्राध्यापकाच्या पगारात हे जमलं ते प्रिंट स्वस्त होत्या म्हणून, हेही खरं.

तोमास इबारा-फ्राउस्तो यांनी चित्रं कमी, कागद जास्त गोळा केले : निमंत्रणं, पत्रकं, कात्रणं, पोस्टर. लोक फेकून देतात ते सगळं. आज ते स्मिथसोनियनच्या अमेरिकन कला अभिलेखागारात आहे आणि चिकानो कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यावाचून सुटका नाही. हाताशी आहे त्यातून, ठिगळं लावून, तरी दिमाखात उभं करायचं, या गरिबांच्या सौंदर्यदृष्टीला ‘रास्क्वाचिस्मो’ म्हणून कलाविचारात मान मिळवून दिला तोही त्यांनीच. पुढे रॉकफेलर फाउंडेशनमध्ये असताना त्यांनी कलासंस्थांकडे पैसाही वळवला.

आणि चीच मॅरिन. सत्तरच्या दशकातला गांजावरच्या विनोदांचा नट म्हणून बहुतेकांना माहीत. ऐंशीच्या दशकापासून त्याने चिकानो चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली, २००१ पासून ती अमेरिकाभर फिरवली आणि शेवटी पाचशेहून अधिक कलाकृती दान केल्या. जून २०२२ मध्ये रिव्हरसाइड शहराच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत ‘द चीच’ हे केंद्र उघडलं. श्रीमंत माणूस आपल्या संग्रहाची किंमत वाढवतोय अशी टीकाही झाली. होऊ दे, अल्माराझ आणि वाल्डेझ यांची मोठी चित्रं कायमची एका छपराखाली आली, हे कुणीतरी करायलाच हवं होतं.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

थेट नाही, आणि ओढूनताणून जोडायला नको. एक आडवळणाचा दुवा मात्र आहे. चिकानो भित्तिचित्रकारांचे गुरू म्हणजे मेक्सिकोचे दिएगो रिव्हेरा, ओरोस्को आणि सिकेरोस. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे गदर चळवळीनंतर मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवू लागले आणि त्यांची रिव्हेराशी मैत्री झाली. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, पाव वाटणाऱ्या माणसाच्या रूपात, रिव्हेराने त्यांना रंगवलं आहे असं सांगितलं जातं. नागपूरला १९६७ मध्ये वारलेला माणूस त्या भिंतीवर अजून पंगतीला बसलाय.

कॅलिफोर्नियात असलो तर काय पाहावं?

लॉस एंजेलिसमध्ये असाल तर सेल्फ हेल्पचा कार्यक्रम आधी बघून जा, नोव्हेंबर उत्तम. ओल्वेरा स्ट्रीटवर सिकेरोसचं १९३२ मधलं ‘आमेरिका त्रोपिकाल’ आहे. क्रुसावर बांधलेला मूलनिवासी दाखवला म्हणून ते चुन्याने पांढरं केलं गेलं होतं, २०१२ मध्ये जतन करून पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. सॅन फर्नांडो खोऱ्यात ज्युडी बाका यांची ‘ग्रेट वॉल’, कालव्याच्या भिंतीवर जवळजवळ अर्धा मैल. सॅन डिएगोला पुलाखालचं चिकानो पार्क चुकवू नका. २२ एप्रिल १९७० रोजी पोलिसांची चौकी होणार म्हणून लोकांनी बुलडोझरसमोर उभं राहून ती जमीन मिळवली. बे एरियातल्या मराठी मंडळींना तर सॅन फ्रान्सिस्कोची बाल्मी अ‍ॅली ही भित्तिचित्रांची गल्ली म्हणजे अर्ध्या दिवसाची सहल आहे.

भारतात बसून बघायचं तर स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयाचा ऑनलाइन संग्रह पुरेसा आहे. सेल्फ हेल्पची कागदपत्रं आणि प्रिंट सांता बार्बराच्या विद्यापीठात जपलेली आहेत, त्यांतलंही बरंच ऑनलाइन दिसतं.

एखादी प्रिंट घ्यायची झाली तर काय बघायचं?

खालच्या पांढऱ्या कडेला पेन्सिलीने तीन गोष्टी असतात : प्रतीचा क्रमांक, नाव आणि सही. ‘१२/६०’ म्हणजे साठांतली बारावी. बारावी असल्याने ती पहिलीपेक्षा कमी दर्जाची ठरत नाही, विक्रेता काहीही सांगो. ‘ए. पी.’ असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. कोपऱ्यात छापखान्याचा उठावाचा शिक्का असतो, तो बोटाने न चाचपता तिरप्या उजेडात बघा. रंग एकावर एक नीट बसलेत का, कागद पिवळा पडलाय का, चौकट करताना कुणी कडा कापल्यात का, तेही तपासा. कापलेली प्रिंट घेऊ नका. आणि शक्यतो संस्थेकडून किंवा चित्रकाराकडून घ्या, कारण मधल्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या पैशातला एक छदामही पुढच्या अटेलिएच्या शाईला लागत नाही.